दादरचे रावबहादूर : सीताराम केशव बोले

परप्रांतात स्थायिक झालेला मराठी माणूस मुंबईस गेला म्हणजे दोन गोष्टी सहसा चुकवीत नाही. एक प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाचे दर्शन आणि दुसरी दादरची खरेदी. या दोहोंना जोडणारा जो रस्ता आगर बाजारावरून सिद्धिविनायकाकडे जातो, त्याचे नाव एस. के. बोले मार्ग असे आहे. मंदिराच्या पत्त्यातही हेच नाव छापलेले असते. प्रसादाच्या पाकिटावरून आणि देणगीच्या पावतीवरून ते इंदूर, बडोदा, हैदराबाद, कोलकाता, दिल्ली अशा कितीतरी शहरांतील मराठी घरांत जाऊन पोहोचले आहे. मात्र हे बोले कोण होते असे विचारले, तर उत्तर देणारे फार थोडे भेटतील. रस्त्याला नाव दिले की माणसाच्या स्मृतीचे ऋण फिटले, असा आपला एक सोयीस्कर समज आहे, त्याचेच हे फळ होय.

वास्तविक, आधुनिक महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील एका फार मोठ्या प्रसंगाची पहिली वीट या गृहस्थांनी रचली. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आपणा सर्वांस ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी ज्या कायदेशीर हक्काच्या आधाराने त्या तळ्याकडे चालत गेले, तो हक्क मुंबईच्या कायदेमंडळातील एका ठरावाने मान्य केलेला होता. तो ठराव मांडणारे सभासद म्हणजे रावबहादूर सीताराम केशव बोले. इतिहासात त्याला बोले ठराव असेच नाव मिळाले. लोकप्रतिनिधीचे कार्य कशावरून मोजावे, हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीच्या वेळी नव्याने विचारला जातो. त्याचे एक उत्तर बोले यांच्या चरित्रात सापडते, म्हणून या सुवर्णमहोत्सवी अंकाच्या निमित्ताने त्यांचे स्मरण करावयाचे आहे.

बोले यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या अखेरीचा. भंडारी समाजात ते जन्मले. आज ज्यांनी दादर पाहिले आहे, त्यांना त्या काळच्या माहीम-दादरची कल्पना करणे कठीण जाईल. दक्षिणेकडे कोट आणि गिरगाव गजबजलेले होते, पण उत्तरेकडे गेले की दादर, माहीम, प्रभादेवी, वरळी ही सारी निरनिराळी गावेच होती. समुद्राच्या काठाने माडांची दाट बने पसरलेली होती. मधूनमधून भाताची खाचरे, खाजणे आणि वाड्या होत्या. कोळी, आगरी, भंडारी, पाठारे, ख्रिस्ती अशी जुनी वस्ती आपापल्या देवळा-चर्चांच्या आसऱ्याने राहत असे. सोळाव्या शतकात उभे राहिलेले आणि पोर्तुगीज चर्च म्हणून ओळखले जाणारे दादरचे चर्च ही तेव्हाही त्या परिसराची मोठी खूण होती.

या माडांवर भंडारी समाजाची उपजीविका चाले. पहाटे कमरेला कोयता आणि भांडे बांधून सरसर झाडावर चढणे, माडी उतरवणे आणि ती विकणे हा वंशपरंपरेचा धंदा होता. १८७८ साली मुंबई सरकारने अबकारीचा कायदा केला आणि या धंद्याभोवती परवान्यांचे व करांचे कुंपण घातले गेले. दूर कोठेतरी भरणाऱ्या सभागृहात केलेल्या कायद्याची धार गरिबाच्या चुलीपर्यंत कशी येते, हे माहीमच्या वाड्यांनी फार लवकर अनुभवले. कायद्याच्या शब्दाचे सामर्थ्य आणि त्याचा जाच या दोहोंची ओळख बोले यांच्या पिढीला पुस्तकांतून करून घ्यावी लागली नाही.

पुढे १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्तीच्या भागांत माणसे दगावू लागली आणि शहर मोकळ्या जागेकडे पसरले पाहिजे, हे सरकारला उमगले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांच्या आखणीचे काम तिने हाती घेतले. सरळ रस्ते, मोजून आखलेले भूखंड आणि झाडांच्या रांगा यांतून पुढील तीन-चार दशकांत एक नवेच उपनगर उभे राहिले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी अशी नावे नकाशावर आली. कारकून, शिक्षक, वकील आणि छापखानेवाले गिरगावातून उठून दादरला राहावयास आले. १९२५ च्या सुमारास माहीम पार्क तयार झाले आणि १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. अशा रीतीने माडांच्या बनात मध्यमवर्गीय मराठी मुंबईची राजधानी वसली.

त्याला लागूनच दुसरे एक जग उभे होते. परळ, लालबाग, नायगाव आणि वरळी या भागांत कापडगिरण्यांची धुराडी दिवसरात्र धूर ओकत होती. कोकण आणि घाटावरून आलेली माणसे चाळींच्या दहा-बारा फुटी खोल्यांत दाटीने राहत होती. गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा सूर्य मावळला म्हणून काम थांबविण्याचे कारण उरले नाही. १९०५ च्या सुमारास काही गिरण्यांत चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास काम चाले. बोले यांची कर्मभूमी या दोन जगांच्या सीमेवर होती. एका बाजूस नवे, नीटनेटके दादर आणि दुसऱ्या बाजूस घामाने निथळणारे परळ. एकाच्या सुखासाठी दुसऱ्याकडे पाठ फिरविणे सोपे होते. बोले यांनी तसे केले नाही.

मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून जे कार्य उभारले, ते १८९७ मध्ये त्यांच्या निधनाने पोरके झाले होते. ती पोकळी काही अंशी भरून काढण्याचा प्रयत्न १९०९ च्या सुमारास स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेने केला. बोले हे या सभेच्या प्रमुख चालकांपैकी एक होते. आजच्या अर्थाने ती कामगार संघटना नव्हती. वर्गणी, सभासदांची यादी आणि संपाचे रणशिंग यांपेक्षा अर्ज-विनंत्या, तडजोडी आणि लोकशिक्षण यांवर तिचा भर होता. कामाचे तास कमी व्हावेत, अपघात झाल्यास भरपाई मिळावी, कामगारांना राहण्यायोग्य घरे मिळावीत आणि त्यांच्या मुलांना शिक्षण मिळावे, अशा मागण्या सभेने १९११ साली सरकारपुढे मांडल्या. त्याच वर्षी झालेल्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. १९२२ च्या कायद्याने तो अकरा तासांवर आला आणि अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला. या कायद्यांचे श्रेय एकट्या सभेस देता येणार नाही. परंतु ज्या गोष्टी पुढे कायद्याच्या पुस्तकात गेल्या, त्या तिने आधी मागितल्या होत्या, एवढे निश्चित म्हणता येते.

याच काळातील एक छोटासा समारंभ येथे सांगितला पाहिजे. १९०७ मध्ये परळच्या चाळीत राहणारा भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. महार समाजातील मुलाने एवढी मजल मारणे ही तेव्हा अपूर्व गोष्ट होती, म्हणून त्याच्या अभिनंदनासाठी एक सभा भरविण्यात आली. अध्यक्षस्थानी बोले होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या विद्यार्थ्यास याच सभेत भेट दिले. त्या भेटीचे बीज केवढ्या वृक्षात रूपांतरित झाले, हे सर्वश्रुत आहे. अध्यक्षस्थानी बसलेल्या गृहस्थांचा आणि त्या विद्यार्थ्याचा संबंध वीस वर्षांनी महाडच्या तळ्याकाठी पुन्हा जुळणार आहे, हे त्या दिवशी कोणास ठाऊक असणार?

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनुसार १९१९ मध्ये नवा कायदा झाला आणि १९२१ पासून मुंबईचे नवे कायदेमंडळ काम करू लागले. त्या काळी मुंबई इलाखा सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेला होता. मतदानाचा हक्क मालमत्ता, भाडे आणि कर यांच्या अटींत बांधलेला असल्यामुळे गिरणीत राबणाऱ्या माणसाला बहुधा मत नसे. शिक्षण आणि स्थानिक स्वराज्य यांसारखी खाती मंत्र्यांकडे सोपविलेली असली, तरी तिजोरी आणि पोलीस गव्हर्नरच्या हातीच राहिले होते. सभासदाने मांडलेला ठराव मंजूर झाला तरी तो सरकारला केवळ शिफारस म्हणून पोहोचे. सरकारने तो मानावा अथवा बासनात गुंडाळून ठेवावा. अशा सभागृहात बसण्यात अर्थ नाही, असे मानणारा मोठा देशभक्त वर्ग होता, आणि असहकाराच्या त्या दिवसांत त्यांचे म्हणणे लोकांना पटतही होते. बोले यांची वृत्ती वेगळी होती. हातात आलेले शस्त्र बोथट आहे म्हणून ते टाकून देण्यापेक्षा त्याला जमेल तेवढी धार लावावी, असा त्यांचा मार्ग होता.

कायदेमंडळाचे सभासद म्हणून त्यांनी कामगारांचे प्रश्न मांडले आणि कोकणातील खोतांच्या जाचाखाली पिचलेल्या कुळांचा प्रश्नही पुढे आणला. परंतु त्यांचे नाव अमर केले ते ४ ऑगस्ट १९२३ या दिवसाने. त्या दिवशी त्यांचा ठराव कायदेमंडळाने मंजूर केला. त्याचा आशय असा होता : जी पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी आणि धर्मशाळा सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आहेत व चालविल्या जातात, किंवा ज्यांचा कारभार सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण केलेल्या संस्थांकडे आहे, त्या सर्वांचा वापर करण्याची मुभा अस्पृश्य मानलेल्या वर्गांस असावी, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचीही दारे त्यांना मोकळी असावीत.

हा विचार सर्वस्वी नवा नव्हता. महात्मा फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापून परळ भागातच पहिली शाळा काढली होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये करवीर संस्थानातील सार्वजनिक पाणवठे, शाळा आणि दवाखाने खुले करण्याचे हुकूम काढले होते. पण फुले यांनी खुला केला तो स्वतःचा हौद होता, शिंदे यांनी काढली ती स्वतःच्या संस्थेची शाळा होती आणि महाराजांनी हुकूम दिला तो आपल्या राज्यात. ब्रिटिश इलाख्यात, लोकांच्या प्रतिनिधींनी सभागृहात बसून, सर्व इलाख्यापुरती ही गोष्ट मान्य करणे ही पायरी अद्याप चढावयाची होती.

बोले ठरावाचे खरे मर्म त्याच्या शब्दरचनेत आहे. त्यात दयेची याचना नाही, शास्त्रांचा वाद नाही आणि कोणाच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहिलेली नाही. सार्वजनिक पैसा ही एकच कसोटी त्यात आहे. विहीर जर कराच्या पैशातून खणली असेल, तर कर देणाऱ्या सर्वांची ती आहे, आणि माणसाच्या जातीवरून पैशाची जात ठरत नाही, हा तो साधा व्यवहार. अबकारीचा कर भरणाऱ्या समाजात जन्मलेल्या माणसाला ही कसोटी सुचावी, यात एक प्रकारचे औचित्य आहे.

ठराव मंजूर झाला आणि सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी त्यावर हुकूम काढला. हा हुकूम बारकाईने वाचण्यासारखा आहे. सरकारच्या मालकीच्या व सरकारी खर्चाने चालणाऱ्या जागांपुरता ठराव अंमलात आणावा, अशी स्पष्ट आज्ञा खातेप्रमुखांस देण्यात आली. नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांच्या बाबतीत मात्र भाषा मऊ झाली. ठराव स्वीकारणे इष्ट आहे किंवा कसे याचा विचार करावा, असा सल्ला जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांस द्यावा, एवढेच सांगण्यात आले. आज्ञा आणि सल्ला यांच्यामध्ये जी फट राहिली, तिच्यातून सारे पाणी गळून गेले. गावच्या विहिरी आणि तळी बहुतेक स्थानिक संस्थांकडेच होती. पुष्कळ ठिकाणी पत्र दप्तरी दाखल झाले आणि विहिरीवरचा रहाट पूर्वीप्रमाणेच फिरत राहिला.

काही संस्थांनी ठराव मान्य केला. त्यांत कुलाबा जिल्ह्यातील महाडची नगरपालिका होती. जानेवारी १९२४ मध्ये तिने चवदार तळे सर्वांस खुले असल्याचे ठरविले. परंतु तळे खुले झाले ते कागदावर. बाजाराच्या दिवशी महाडास येणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या माणसाने त्या तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे, अशी परिस्थिती तेथे नव्हती. नगरपालिकेने दार उघडले होते, पण उंबरठ्यावर समाज उभा होता.

आपला ठराव कागदावरच राहत आहे, हे बोले पाहत होते. येथे त्यांच्या स्वभावाचा एक विशेष दिसून येतो. ठराव मंजूर झाला, वर्तमानपत्रांत नाव आले, आता पुढील विषय, असे त्यांनी केले नाही. तीन वर्षांनी, ५ ऑगस्ट १९२६ रोजी, ते पुन्हा उभे राहिले आणि त्यांनी दुसरा ठराव मांडला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करण्याचे नाकारतील, त्यांचे वार्षिक अनुदान सरकारने बंद करावे, अशी त्यांची मागणी होती. सार्वजनिक पैसा हीच कसोटी त्यांनी पुन्हा लावली, पण या वेळी ती तिजोरीच्या तोंडाशी नेऊन लावली. सार्वजनिक पैसा पाहिजे असेल तर सार्वजनिक धर्मही पाळला पाहिजे, असा त्याचा अर्थ होता.

त्याच वर्षी हा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या दारापाशी येऊन उभा राहिला. दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवास सर्व जातींच्या लोकांकडून वर्गणी घेतली जात असे. मग उत्सव जर सार्वजनिक आहे, तर अस्पृश्य मानलेल्या हिंदूलाही पूजेचा अधिकार का नसावा, असा सवाल प्रबोधनकार ठाकरे आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी १९२६ मध्ये उपस्थित केला. वातावरण तंग झाले. मंडपाशी गर्दी जमली. डॉ. आंबेडकर आणि रावबहादूर बोले तेथे आले आणि दीर्घ वाटाघाटींनंतर मार्ग निघाला. पुजाऱ्याने पूजा केल्यावर एका अस्पृश्य मानलेल्या गृहस्थाने दिलेली फुले त्याने हातांत घ्यावीत आणि ती गणपतीस वाहावीत, असे ठरले. तडजोड दोन्ही बाजूंना पूर्ण रुचली असेल असे नाही, आणि त्यानंतर प्रबोधनकारांनी दादरला नवरात्रोत्सवाचा वेगळा पायंडा पाडला. पण ज्या गृहस्थांनी गणपतीच्या मंडपात सर्वांच्या फुलांसाठी शब्द टाकला, त्यांच्याच नावाच्या रस्त्यावरील सिद्धिविनायकापुढे आज कोणाचीही जात न विचारता रांग लागते, हा योगायोग मनास सुखावणारा आहे.

यानंतरचा इतिहास महाडचा आहे. १९ आणि २० मार्च १९२७ या दिवशी तेथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस अशा अनेकांचे साहाय्य तिच्यामागे होते. २० मार्च रोजी डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग हजारो लोक चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्राशन केले. कायदेमंडळाने जे म्हटले होते आणि नगरपालिकेने जे मान्य केले होते, तेच त्यांनी केले. तरीही, आता हे लोक वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी अफवा उठली, आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. नंतर एकशे आठ घागरी पंचगव्याने तळ्याची शुद्धी करण्यात आली. तिजोरीच्या किल्लीने उघडेल असे हे कुलूप नव्हते, हे सिद्ध झाले.

एवढ्यावरही थांबले नाही. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण होत असता, महाड नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. डिसेंबरमध्ये सत्याग्रहाची दुसरी परिषद भरली, तेव्हा न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आलेला होता. डॉ. आंबेडकरांनी त्याचा मान राखला आणि तळ्याचा प्रश्न न्यायालयाच्या मार्गाने पुढे नेला. खटला जवळजवळ दहा वर्षे चालला. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला. तळे नगरपालिकेचे आहे आणि स्पृश्यांखेरीज इतरांनी त्याचे पाणी न वापरण्याची अनादिकालीन रूढी सिद्ध झालेली नाही, असे त्यात ठरले. कायदेमंडळाच्या एका ठरावापासून उच्च न्यायालयाच्या शिक्क्यापर्यंत जाण्यास ओंजळभर पाण्याला चौदा वर्षे लागली.

मग बोले यांच्या ठरावाने साधले काय? त्यांच्या टीकाकारांनी हा प्रश्न विचारला असेल आणि तो अन्याय्यही नाही. सरकारने दिलेली रावबहादूर ही पदवी त्यांनी स्वीकारली होती. सरकारच्या सभागृहात बसून सरकारला शिफारशी करणारे ते नेमस्त गृहस्थ होते. तळ्यात पाऊल टाकणारे, लाठ्या खाणारे, बहिष्कार सोसणारे लोक वेगळे होते, आणि इतिहासाने पहिला मान त्यांना दिला हे योग्यच झाले. कामगार क्षेत्रातही काळ त्यांच्या पुढे गेला. १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला आणि त्यातून गिरणी कामगार युनियन उदयास आली. त्या लाटेपुढे कामगार हितवर्धक सभेची अर्ज-विनंत्यांची रीत जुनी वाटू लागली.

परंतु नेमस्त माणसाच्या कामाचे मोल त्याच्या मागून येणाऱ्यांनी ते कसे वापरले यावरून ठरते. बोले ठराव नसता, तर महाडचा मोर्चा अन्यायाविरुद्धचे बंड झाला असता. ठरावामुळे ती मान्य झालेल्या हक्काची अंमलबजावणी ठरली, आणि कायदा मोडणारे कोण हा प्रश्न उलट दिशेने विचारता आला. खोतीचेही तसेच झाले. बोले यांनी पुढे आणलेल्या या प्रश्नावर १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात विधेयक आणले, आणि खोती नष्ट करणारा कायदा स्वातंत्र्यानंतर, १९४९ चा कायदा म्हणून, झाला. कायदेमंडळातील एका सभासदाने लावलेले रोप दुसऱ्याने वाढवावे आणि तिसऱ्याच्या हयातीत त्याला फळ यावे, हाच लोकशाहीच्या बागाईतीचा नियम आहे. माडाचे झाड लावणाऱ्या समाजाला तो वेगळा सांगावा लागत नाही.

याहून मोठे फळ पुढे आले. १९५० च्या २६ जानेवारीस भारताचे संविधान अंमलात आले. त्याच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, हे सर्वांस माहीत असते. पण पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाकडे सहसा लक्ष जात नाही. राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः चालविलेल्या अथवा सर्वसामान्य जनतेसाठी राखलेल्या विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांच्या बाबतीत धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकास मज्जाव होणार नाही, असे तेथे म्हटले आहे. हा खंड वाचताना १९२३ चा ठराव आठवल्यावाचून राहत नाही. तीच विहीर, तेच तळे आणि सार्वजनिक पैशाची तीच कसोटी. फरक एवढाच की त्या वेळी ती शिफारस होती, आता तो मूलभूत हक्क झाला. आणि जन्मस्थान हा शब्द त्यात आहे, म्हणून जन्मगाव सोडून दूर प्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनाही या खंडाचा आधार आहे.

बोले यांना दीर्घायुष्य लाभले. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी ओलांडली होती. माडांच्या बनाचे दादर, प्लेगनंतर आखले गेलेले दादर, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने दुमदुमलेले दादर ही तिन्ही रूपे त्यांच्या हयातीत होऊन गेली. १९०७ मध्ये ज्याच्या अभिनंदनाच्या सभेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, तो विद्यार्थी संविधानाचा शिल्पकार झालेला त्यांच्या हयातीतच देशाने पाहिला, आणि डिसेंबर १९५६ मध्ये त्याच दादरच्या समुद्रकिनारी त्याला अखेरचा निरोपही दिला. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लक्षावधी माणसे येतात, तेव्हा दादरचे सारे रस्ते त्यांच्यासाठी वाहते होतात. ज्यांच्या आजा-पणजांना गावच्या विहिरीची वाट बंद होती, त्यांची ही नातवंडे-पणतवंडे आहेत.

आमदारांच्या आणि नगरसेवकांच्या कार्याचे अहवाल अलीकडे गुळगुळीत कागदावर छापून घरोघर येतात. त्यात किती रस्ते झाले, किती दिवे लागले, किती निधी खर्ची पडला यांचे आकडे असतात. ते असावेतच. बोले यांच्या अहवालात मात्र दोन तारखा ठळक दिसतात : ४ ऑगस्ट १९२३ आणि ५ ऑगस्ट १९२६. पहिली ठराव मांडण्याची, दुसरी त्याची आठवण ठेवण्याची. मंडळांच्या वार्षिक सभांना बसणाऱ्या आपणा सर्वांस ठाऊक आहे की टाळ्यांच्या गजरात ठराव मंजूर करणे फारसे अवघड नसते. तीन वर्षांनी उठून, त्या ठरावाचे काय झाले, असे विचारणारा सभासद मिळणे दुर्मीळ. पन्नास वर्षे जी संस्था परमुलुखात टिकते, ती अशाच थोड्या सभासदांच्या चिकाटीवर टिकते, मग त्यांची नावे कोणाच्या लक्षात राहोत वा न राहोत. बोले यांचे नाव निदान एका रस्त्यावर आहे. पुढील खेपेस मुंबईस जाल, तेव्हा त्या पाटीपाशी क्षणभर थांबून आपल्या मुलांना ते वाचून दाखवा आणि हे बोले कोण होते ते सांगा, एवढीच विनंती.